झिरो आलं पाहिजे

"मॅडम, सात नंबर चावतोय."

सायरा मुलाणी स्टाफरूमच्या दारात उभी होती. उजव्या हाताची बोटं तिने डाव्या मुठीत घट्ट धरली होती. चेहऱ्यावर मात्र तक्रारीपेक्षा गंमत जास्त होती.

"चावतोय म्हणजे?"

"म्हणजे चावतोय. पेटीला हात लागला की मुंग्या येतात."

"फक्त सात नंबर?"

"तसे सगळेच चावतात. पण सात नंबर जरा आगाऊ आहे."

मी एमएस्सी फिजिक्स होऊन तासिका तत्त्वावर या कॉलेजात आले होते. कॉम्प्युटरची लॅब सांभाळायला माणूस नव्हता, म्हणून तीही माझ्याकडेच आली होती. सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचं तालुक्याचं गाव. मार्च लागला की तिथल्या जमिनीला भेगा पडायला सुरुवात होते. मी सायराच्या मागे निघाले.

लॅबच्या दाराबाहेर मुलींच्या चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. आत पायताण चालत नसे. धूळ येते हे एक कारण, आणि दारावर सरस्वतीचा फोटो होता हे दुसरं. प्राचार्य स्वतः बूट काढून आत यायचे. मीही चपला काढल्या. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तळव्यांना गार लागत होती.

मी बोटांची मागची बाजू सात नंबरच्या कॉम्प्युटरच्या पेटीला टेकवली. तळहात लावायचा नसतो. झटका बसला तर बोटं आपोआप मिटतात आणि पकडलेलं सुटत नाही. पत्र्यात एक बारीक थरथर होती, मांजराच्या अंगात असते तशी.

"चावला ना?" सायराने विचारलं.

"चावला."

"मग मी खोटं बोलत नव्हते. बाबर सर म्हणतात तुमचेच हात ओले असतात."

बाबर सर म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभागात ते एकटेच होते, त्यामुळे प्रमुखही तेच आणि शिपाईही तेच, असं ते स्वतःच सांगत. चाळिशीच्या आतले, किडकिडीत, बोलताना खिशातलं पेन सतत काढून परत खोचणारे. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले.

"चावतंय म्हणजे जिवंत आहे मॅडम. अर्धी मशिनं मेलीत, त्यांचं बोला. त्यांना कोण हात लावतंय?"

"सर, अर्थिंग तपासायला हवं, गळणारा करंट जमिनीत जातो की नाही ते. मला वाटतं लॅबला अर्थच नाही."

"आमच्या संस्थेला अर्थ नाही हे तुम्हाला आज कळलं?" आणि मग पेन खोचत, जरा गंभीर होऊन म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा आहे. होता. चला, दाखवतो."

ते मला इमारतीच्या पुढच्या बाजूला घेऊन गेले. तिथे संस्थापकांचा अर्धपुतळा होता, ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर, भोवती सिमेंटचे ठोकळे बसवलेले.

"याच्या खाली," बाबर सर म्हणाले.

"पुतळ्याच्या खाली?"

"मागल्या वेळी सुशोभीकरण झालं ना. कंत्राटदाराला काय माहीत खाली काय आहे. आता अर्थिंग काढायचं तर आधी संस्थापकांना उठवावं लागेल. तुम्ही सांगता का प्राचार्यांना?"

दुसरीकडे नवा खड्डा घ्यायचा तर खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. त्या वर्षी जुने कॉम्प्युटर काढून नवे आणण्यासाठी संस्थेने थोडे पैसे दिले होते आणि थोडे बाबर सरांनी माजी विद्यार्थ्यांच्या दारोदार फिरून जमवले होते. तेवढ्यात एक तर मशिनं येत होती किंवा वायरिंग. बाबर सरांनी मशिनं निवडली. तीही कोरी नव्हती. मोठमोठ्या ऑफिसांतून निघालेली, धुऊन-पुसून परत विकायला काढलेली. पण आमच्या खटाऱ्यांपुढे ती राजेशाहीच होती.

"मार्चअखेर तपासणीची समिती येते," ते परतताना म्हणाले. "लॅब पसंत पडली तर कोर्स राहील. नाही पडली तर पुढल्या वर्षी बंद. मुलं काय, सोलापूरला जातील, पुण्याला जातील. मुली घरी जातील. सायराच्या वडलांनी मला स्पष्ट सांगितलंय, गावात आहे तोवर शिकेल."



मशिनं टेम्पोतून आली, त्यांच्याबरोबर दुकानाचा इंजिनियर आला. धोत्रे नावाचा तरणाबांड मुलगा, गळ्यात पिवळ्या मीटरची वायर जानव्यासारखी घातलेली. त्याने एकही खोका न उघडता आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मीटरच्या दोन सुया खुपसल्या. एक न्यूट्रलला, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेला, एक अर्थला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. अठ्ठेचाळीस व्होल्ट.

"हे चालणार नाही सर."

"म्हणजे?" बाबर सरांनी विचारलं.

"न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये व्होल्टेज नको. तीनच्या वर गेलं की वॉरंटी नाही. कंपनीचा नियम. झिरो आलं पाहिजे, निदान झिरोच्या जवळ. मी खोके उघडतच नाही, उद्या माझ्या अंगावर यायचं."

"अहो, आता कुठून आणू झिरो?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी आज सांगोल्याला मुक्कामाला आहे. उद्या येतो, झिरो आलं तर बसवतो. नाही तर टेम्पो परत."

तो गेला. बाबर सर खोक्यांच्या थप्पीकडे बघत उभे राहिले, नवऱ्या मुलीच्या बापासारखे. मग त्यांनी नाना वायरमनला फोन लावला.

नाना गावातलाच. बाजार समिती, मंगल कार्यालय, दोन्ही बँका, सगळीकडची वायरिंग त्याच्या हातची. तोंडात तंबाखू, कानामागे टेस्टर. त्याला गोष्ट सांगितली तेव्हा त्याने फक्त विचारलं, "झिरो पायजे ना? की अर्थिंग पायजे?"

"झिरो आलं पाहिजे," बाबर सर म्हणाले.

"मग झालं. तुमी जावा."

दुसऱ्या दिवशी मी तास घेऊन लॅबमध्ये गेले तेव्हा धोत्रे सॉकेटमागून सॉकेट तपासत होता आणि जवळजवळ गात होता.

"झिरो. झिरो. इथेपण झिरो. सर, असं अर्थिंग मी सोलापुरात बघितलं नाही! कुणी केलं हे?"

"आमचे नाना," बाबर सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

मी मीटर मागून घेतलं आणि स्वतः लावलं. शून्य पूर्णांक शून्य. दुसऱ्या सॉकेटला तेच. खिडकीजवळच्या, बोर्डापासून सगळ्यात लांबच्या सॉकेटलाही तेच.

फिजिक्सच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं घालवल्यावर माणसाला एक सवय लागते. वाचन फार चांगलं आलं की आनंद होत नाही, शंका येते. खरी जमीन इतकी शहाणी नसते. चांगल्यात चांगल्या अर्थिंगलाही थोडं काहीतरी राहतंच, दशांशाच्या पुढे का होईना, आणि वायर जितकी लांब तितकं ते बदलतं. इथे सगळीकडे एकच आकडा होता. आणि कॉलेजच्या आवारात कुठेही खड्डा खणलेला दिसत नव्हता.

"सर, नानांनी खड्डा कुठे घेतला?"

"घेतला असेल कुठेतरी."

"रात्रीतून? पाषाणात?"

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "आज खोके उघडू द्या. एवढं करा."

खोके उघडले. दोन दिवसांत लॅबचं रूप पालटलं. काळी चपटी मशिनं, सपाट पडदे, मुली दारातूनच "अय्या" करायच्या. सायराने मुद्दाम सात नंबरच घेतला आणि पेटीवर अख्खा तळहात पसरून मला दाखवला.

"मॅडम, चावत नाही! बघा ना. माणसाळला."

"हात काढ," मी म्हणाले.

माझा आवाज बहुतेक जास्तच तीव्र निघाला. तिने हात काढला आणि मैत्रिणीकडे पाहिलं. मला काही कारण देता येईना. चावत होतं तेव्हा मला भीती वाटली नव्हती, आता वाटत होती. आणि भीती कशाची ते अजून मला नीट ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी ठरलेल्या वेळी भारनियमन असायचं. लाइट गेली की सगळं गाव सैलावायचं. शिक्षक पाय वर घेऊन बसायचे, नाना आणि त्याच्यासारखे लोक बोर्ड उघडून उघड्या हातांनी तारा जोडायचे. गेली म्हणजे गेली. मीही त्याच वेळेची वाट पाहिली, पण आधी मेन स्विच खाली ओढला, मग एका सॉकेटचे स्क्रू काढले.

आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत हिरव्या वायरचा एक तुकडा होता. करंगळीएवढा. नवाकोरा. दुसरं सॉकेट उघडलं, तिथेही तसाच. नानाने जमिनीत काही केलंच नव्हतं. ज्या दोन टोकांमधला फरक मीटर दाखवणार होतं, ती दोन्ही टोकं त्याने एकमेकांना बांधून टाकली होती. स्वतःला स्वतःतून वजा केल्यावर शून्यच येणार.

मेन स्विचच्या बोर्डाजवळ आणखी एक गोष्ट होती. वास. बोर्डातलं बेकेलाइटचं प्लास्टिक तापल्याचा, किंचित मासळीसारखा. मी नानाला गाठून विचारलं.

"रंगाचा वास हाय त्यो. नवीन रंग मारलाय ना भिंतीला."

"आणि सॉकेटमधला तुकडा?"

त्याने तंबाखू गालात सरकवली. "मॅडम, चावतंय का आता?"

"नाही."

"मीटर काय म्हणतंय?"

"झिरो."

"मग अजून काय पायजे?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की ही पोरगी काय मागते आहे.

मी बाबर सरांना रिकाम्या वर्गात नेलं आणि फळ्यावर आकृती काढली. ते बाकावर बसले, विद्यार्थ्यासारखे. त्यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे, त्यांनी माझं म्हणणं उडवून लावलं नाही. दोनदा समजावून घेतलं. मग उठून माझ्या हातातला खडू घेतला.

"थांबा. मी सांगतो, चुकलं तर बोला. फेजमधून करंट येतो, मशीनमधून जातो, न्यूट्रलमधून परत जातो."

"बरोबर."

"न्यूट्रल शाबूत आहे तोवर सगळं ठीक. चावतसुद्धा नाही."

"हो."

"आता न्यूट्रल मागे बोर्डात कुठेतरी सुटला. जळाला." त्यांनी बोटाने फळ्यावरची रेघ एका जागी पुसली. "मशीन बंद पडणार. पंखे बंद. म्हणजे लाइट गेली."

"लाइट गेली असं दिसेल. करंट गेलेला नसेल. फेज तशीच असेल. मशीनमधून येऊन न्यूट्रलच्या तारेत अडकेल, आणि तिथून नानांच्या त्या तुकड्यातून अर्थच्या तारेने..."

"पेटीत," ते म्हणाले.

"प्रत्येक पेटीत. एकदम. पूर्ण दोनशे तीस."

त्यांनी खडू खाली ठेवला.

"आणि मुली अनवाणी," मी म्हणाले. "पुसलेल्या फरशीवर. आणि लाइट गेली म्हटल्यावर कुणी घाबरणारही नाही. उलट बटण दाबून बघतील."

"आधी चावायचं तेव्हा धोका कमी होता. आता चावत नाही तर जास्त. हे मी प्राचार्यांना कोणत्या भाषेत सांगू?"

"ते तुकडे काढून टाकू."

"की मीटर परत अठ्ठेचाळीस. वॉरंटी गेली. आणि सोमवारी समितीच्या माणसाला मशीन चावलं तर?" पेन बाहेर, पेन आत. "समिती जाऊ द्या. सोमवार संपला की मी स्वतः काढतो, माझ्या हाताने. तोवर नानाला बोर्डातले सगळे स्क्रू आवळायला लावतो. मॅडम, आठवडा नाही हो राहिला."

"तोवर निदान चपला घालू द्या आत."

ते मला घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी ऐकलं, चष्मा पुसला. "लिगाडे मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या, मला आदर आहे. पण सरस्वतीसमोर पायताण, आणि तेही समिती येताना? पूर्वी शॉक बसायचे तेव्हा तुम्ही तक्रार केलीत, ठीक. आता बसत नाहीत त्याची तक्रार?" त्यांच्या शेजारी बसलेले मराठीचे सर खो-खो हसले.

बाहेर आल्यावर बाबर सरांनी विचारलं, "खरंच लाइट गेलीय की न्यूट्रल, ते ओळखायचं कसं?"

"लॅबच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी दिसते. ती चालू आणि आपण बंद, तर हात लावू नका."

त्यांनी मान हलवली.

सोमवारी समिती आली. तिघे जण, अध्यक्ष पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, पांढऱ्या भुवया, सौजन्यमूर्ती. दारात त्यांनी वाकून बूट काढले आणि प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा. मोज्यांचे ओले ठसे फरशीवर उमटत गेले. कारण सकाळपासून ती दोनदा पुसली होती, फिनेलचा वास येत होता आणि त्याच्या खाली तो दुसरा वास. मला वाटलं तो फक्त मलाच येतोय.

मुली पांढऱ्या गणवेशात आपापल्या मशीनपुढे बसल्या होत्या. बोर्डावर भार कमी पडावा म्हणून अर्धी मशिनं बंद ठेवायची असं मी आणि बाबर सरांनी ठरवलं होतं.

"छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण ही बंद का? नादुरुस्त आहेत?"

"नाही, नाही सर," प्राचार्य घाईने म्हणाले. "मुलींनो, सगळी चालू करा. पंखेही लावा सगळे."

बाबर सरांनी बोर्डाकडे पाहिलं. पडदे एकामागोमाग एक उजळत गेले. ते दृश्य खरोखर सुंदर होतं. अध्यक्षांनी सायराला काहीतरी विचारलं, तिने धिटाईने उत्तर दिलं, ते हसले.

बोर्डाच्या आत टप् असा आवाज झाला. पावसाचा मोठा थेंब पत्र्यावर पडावा एवढाच.

सगळे पडदे काळे झाले. पंखे आपल्याच वेगात थोडे फिरून मंदावले.

"गेली लाइट!" मुलींनी एका सुरात म्हटलं. आमच्याकडे तसं म्हणायची पद्धतच होती.

"एवढी एक गोष्ट आमच्याकडे वेळेच्या आधीही होते," प्राचार्य हसत म्हणाले आणि समितीही हसली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. गिरणीचा पट्टा फिरत होता. पांढऱ्या टोपीचा गिरणीवाला डब्यात पीठ घेत होता.

मला ओरडायचं होतं. सायरा खाली वाकत होती, तिचा हात सात नंबरच्या बटणाकडे निघाला होता, लाइट गेली की आपण सगळेच उगाच बटण दाबून बघतो तसा.

"हात वर."

आवाज बाबर सरांचा होता. मोठा नव्हता. हजेरी घेताना असतो तेवढाच. तेही खिडकीकडेच बघत होते.

"मुलींनो, हात वर. दोन्ही. सायरा, तूसुद्धा."

तिचा हात बटणापासून बोटभर अंतरावर थांबला आणि वर गेला. कुणीतरी खुदकन हसलं.

"सर, आपणही," ते अध्यक्षांना म्हणाले. अध्यक्ष पुढच्या मशीनकडे झुकले होते. "आमच्याकडे पाहुण्यांना सूट नाही."

अध्यक्षांनी मजेत दोन्ही हात वर केले. मग बाकीच्या दोघांनी. मग प्राचार्यांनी. मी आजवर पाहिलेल्या दृश्यांत त्याच्याइतकं विचित्र दुसरं नाही. अंधुक खोली, बंद मशिनं, आणि एवढी माणसं अनवाणी, हात वर करून, हसत.

"आता उभ्या राहा. खुर्चीला हात लावायचा नाही, नुसतं बाजूला व्हा. कशालाही न शिवता एकामागे एक बाहेर. पाहुणे आधी."

सगळे बाहेर गेले. मी मेन स्विचकडे जाण्याआधी नानाने बोर्डावर विसरलेला टेस्टर घेतला, पायाखाली लाकडी स्टूल ओढलं आणि टोक सात नंबरच्या पेटीला टेकवलं. टेस्टरमधला इवलासा दिवा लागला. लख्ख नारिंगी. त्या खोलीत तेवढीच लाइट होती.

बाबर सर दारातून बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम भुवईत उतरत होता.

"बंद करा," ते म्हणाले.

मी स्विच ओढला.

बाहेर अध्यक्ष प्राचार्यांना सांगत होते, "हे मी कुठेच पाहिलं नाही. लाइट गेली तर काय करायचं याचा सराव! अहवालात खास उल्लेख करतो. आपत्ती व्यवस्थापन म्हणून." प्राचार्य विनयाने मान डोलवत होते. चहा झाला, नारळ-शाल झाली, गाडी फाटकाबाहेर गेली. कोर्स वाचला होता.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत बाबर सर स्क्रूड्रायव्हर घेऊन लॅबमध्ये आले. पायांत चपला होत्या. आम्ही दोघांनी सॉकेटं उघडायला सुरुवात केली. ते हिरवे तुकडे काढून शर्टाच्या खिशात टाकत होते, पेनाजवळ.

"वॉरंटी गेली," मी म्हणाले.

"खड्ड्यात गेली. म्हणजे खड्डा असता तर." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "मॅडम, तिची बोटं बटणापासून किती लांब होती हो? मला इथून दिसलं नाही."

मी पुढचं सॉकेट उघडायला घेतलं.

"नानाला बोलवा," ते थोड्या वेळाने म्हणाले. "बोर्ड त्यालाच उघडू दे. आणि त्याला दाखवू दे मला काय आवळलं होतं ते."

नानाच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"ते न्हाईत मॅडम. सोलापूरच्या त्या सायबासंगं गेल्यात, गाडीतनं."

"कोणत्या साहेबांबरोबर?"

"मीटरवाल्या. धोत्रे सायेब. आता आठवडा झाला, त्यांचंच काम चाललंय की. जिथं जिथं त्यांची कम्पूटर जात्यात तिथं यांना घिऊन जात्यात. चांगलं काम मिळालं बगा, तुमच्या कालेजामुळं."

"कसलं काम?"

"झिरोचं," ती कौतुकाने म्हणाली.

मी बाबर सरांकडे पाहिलं. त्यांना फोनमधला आवाज ऐकू गेला होता. त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सॉकेटमध्येच राहिला.

"ताई, कुठे कुठे गेले ते? गावं सांगा."

"मला न्हाई बा सगळी ठावं. परवा कोरेवाडीच्या हायस्कुलात हुते, तेवढं माहीत हाय. पोरांना खायला शेंगा आणल्या तिथनं."

धोत्रेचा मोबाइल लागत नव्हता. नानाकडे मोबाइल नव्हताच. बाबर सरांचा एक वर्गमित्र कोरेवाडीच्या शाळेत गणित शिकवायचा. त्यांनी शाळेचा नंबर पाठ सांगितला, मी फिरवला. बऱ्याच रिंगनंतर फोन उचलला गेला.

"हां, गोरवे बोलतोय. कोण, बाबरच्या कॉलेजातून? काय म्हणतो आमचा बाबर?"

"सर, तुमच्याकडे नवे कॉम्प्युटर बसवलेत ना?"

"बसवले की! झकास. आपल्याच नानाने वायरिंग करून दिलं. झिरो आणलं बघा त्याने."

"सर, ती खोली बंद करा. मुलांना आत सोडू नका. मी नंतर सगळं सांगते."

"अहो, काळजी करू नका," ते मनमोकळेपणाने हसले. "आठवीची पोरं आत आहेत, पण आत्ताच लाइट गेली. नुसतीच बसलीत मशीनपुढे, खटखट करत."

बाबर सर माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही उभे आहात तिथे लाइट आहे का?"

"इथे ऑफिसात?" त्यांनी वर पाहिलं असावं. "इथे पंखा फिरतोय की." आणि मग, हसू विरत, "असं कसं?"

"धावा. कुणाला शिवू नका, मेन बंद करा, पोरांना बाहेर काढा. धावा!"

त्यांनी फोन ठेवला नाही, टेबलावर टाकला. मला त्यांच्या बुटांचा आवाज दूर जाताना ऐकू आला. मग पंख्याची घरघर. मग लांबून त्यांचं ओरडणं, शब्द कळत नव्हते. मग एकदम पोरांचा गलका, मधली सुट्टी व्हावी तसा, बाकं सरकल्याचे आवाज, पळणारे अनवाणी पाय. कुणीतरी रडत होतं, की हसत होतं, तेही कळेना.

"काय झालं?" बाबर सर विचारत होते. "मॅडम, काय चाललंय?"

मी हात वर करून त्यांना थांबवलं.

बऱ्याच वेळाने रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. गोरवे सर धापा टाकत होते.

"मेन बंद केला. बाहेर आलीत सगळी," ते म्हणाले. "सगळी आली वाटतं. थांबा, मोजतो."